सावता माळ्याची मिरची

सावता माळ्याचा कांद्यामुळ्याचा अभंग मी प्रथम आजीच्या तोंडून ऐकला, आणि पुष्कळ वर्षे तो मला निव्वळ रूपक वाटत आला. मळा म्हणजे संसार, मोट म्हणजे देह, असा काहीसा अर्थ परीक्षेतही लिहिला. यंदाच्या पावसाळ्यात परसात चार वाफे केले, हाताला फोड आले, तेव्हा कळले की यात रूपक फारसे नाहीच. सोलापूरकडच्या अरणचा हा माळी खरोखरीच भाजीपुढे वाकलेला आहे. वाफ्यात पाणी सोडताना मन आपसूक गप्प होते, त्यालाच तो विठाई म्हणत असावा. मग पंढरीची वाट वेगळी कशाला चालायची?

पण मिरचीने मला अडवले. सावताने देह ठेवला १२९५ साली. आणि मूळची अमेरिकेची मिरची पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात! मग ती या अभंगात आली कोठून? मागाहूनच्या कोणा गाणाऱ्याने आपल्या मळ्यातले रोप इथे आणून लावले असणार. (लसूण-कोथिंबिरीशेजारी ते शोभलेही.) शुद्ध पाठाचा आग्रह धरणारे पंडित ते उपटून टाकतील. मीही आधी खुरपे उचलले होते. परंतु लावणाऱ्याला त्या मिरचीत हरी दिसला असेल, तर ती ओळ खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त तिच्यासाठी सावताचे नाव घेताना आता जरा अडखळतो.

परसातल्या मिरचीला काल पहिले फूल आले. बारीक, पांढरे, खाली मान घातलेले.