द्रावणातले उत्तर आणि चिखलातले उत्तर

वनस्पतींचे पोषण शिकवताना आपण हायड्रोपोनिक्सचे उदाहरण हमखास देतो. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स व क्नोप यांनी क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवली. वनस्पतीला कोणती मूलद्रव्ये लागतात हे त्यातून ठरवता आले. मात्र 'माती म्हणजे केवळ आधार' असा समजही त्यातून रुजतो. तो किती अपुरा आहे, हे मिनेसोटा विद्यापीठातील जॉन पॅस्टर व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या शोधनिबंधावरून दिसते.

निबंधाचा विषय आहे अमेरिकेतील 'वाइल्ड राइस'. ही आपल्या भाताच्या ओरायझा प्रजातीतली नव्हे, तर झिझानिया प्रजातीतली वनस्पती. उथळ तळ्यांत उगवणारे हे धान्य ओजिब्वे आदिवासींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. खाणींतून पाण्यात उतरणारे सल्फेट त्याला घातक आहे का, हा तिथला जुना वाद. १९७३ मध्ये मिनेसोटा राज्याने अशा पाण्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा घातली.

संशोधकांना द्रावणात सल्फेटचा बियांच्या उगवणीवर वा रोपांच्या वाढीवर परिणाम आढळला नाही. सल्फाइड मात्र लिटरला ३२० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की रोपे खुरटली. निबंध इथेच संपता, तर 'सल्फेट निरुपद्रवी' असा निष्कर्ष खाणवाल्यांच्या पथ्यावर पडला असता. पण त्यांनी गाळ भरलेल्या उघड्यावरच्या टाक्यांतही पाच वर्षे हेच पीक वाढवले. गाळात प्राणवायू नसतो. तेथील जिवाणू श्वसनासाठी सल्फेट वापरतात आणि सल्फाइड तयार होते. ज्या टाक्यांत सल्फेट लिटरला २५० मिलिग्रॅम किंवा अधिक होते, त्यांतील बहुतेकांत वाइल्ड राइस नामशेष झाला. मुळांवर आयर्न सल्फाइडचा थर बसला होता. त्याने पोषकद्रव्यांचे शोषण अडत असावे, असा लेखकांचा तर्क आहे.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवणे, हे या कामाचे मोठे बळ. द्रावणाने विष नेमके कोणते ते सांगितले, गाळाने ते कुठे तयार होते ते दाखवले. एक उणीव सांगायलाच हवी. टाकीत भूजलाची ये-जा नसते, आणि सल्फाइडला बांधून ठेवणारे लोहही प्रत्येक तळ्यात सारखे नसते. त्यामुळे टाकीतला आकडा सरसकट साऱ्या तळ्यांना लावता येणार नाही.

वर्गात द्रावणातले रोप दाखवताना एक प्रश्न जरूर विचारावा : या बाटलीत मातीतले काय काय नाही?