मालक सरकार झाले, पुढे काय?

निमगाव सावासारख्या गावात एसटी बंद पडली की प्रथम कोणाचे अडते? ज्याच्या दारात मोटारसायकल उभी आहे त्याचे नव्हे. अडते ते नारायणगावला कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे, दवाखाना गाठणाऱ्या म्हातारीचे, मजुरीला निघालेल्या बाईचे. म्हणून 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन 2022 च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या एसटी संपाविषयी लिहिताना 'जनतेची गैरसोय' हे शब्द आम्ही हसण्यावारी नेणार नाही. परंतु ते शब्द कोण, कोणाविरुद्ध वापरतो, हे तपासलेच पाहिजे.

संपकऱ्यांची मुख्य मागणी होती विलीनीकरणाची. महामंडळ शासनात विलीन करा, आम्हाला शासकीय कर्मचारी माना. वरवर पाहता ही मागणी चमत्कारिक वाटते. कारण एसटी 1948 पासून सरकारचीच आहे. पण हुकूम सोडताना ती सरकारची असते आणि पगार-पेन्शनची वेळ आली की 'महामंडळ' होते. संपात हजारोंवर निलंबनाची, बडतर्फीची कारवाई झाली. मेस्माचा इशारा दिला गेला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने विलीनीकरण नाकारले. दरम्यान कित्येक कामगारांनी आत्महत्या केल्या.

हा दुटप्पीपणा आपल्याला नवा आहे काय? महार वतन आठवा. महार सरकारचाही चाकर आणि गावाचाही. रात्री-अपरात्री बोलावणे आले की जायचे, नकार द्यायची सोय नाही. मोबदला मात्र इनामाचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. हे जोखड सैल करण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतन कायद्याने संपायला 1958 साल उजाडले. सरकार मालक असणे म्हणजे काय, हे दलितांइतके दीर्घकाळ दुसऱ्या कोणी भोगलेले नाही.

तरीही आपल्या चळवळीतील पुष्कळ लेखन सरकारीकरण म्हणजेच मुक्ती असे गृहीत धरते आणि आधार बाबासाहेबांचा देते. आधार खरा आहे, पण अर्धा. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि हे घटनेतच लिहिलेले असावे, अशी मांडणी केली. खाजगी मालकाची हुकूमशाही त्यांना ठाऊक होती. पण याच बाबासाहेबांनी 15 सप्टेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयकावर कठोर टीका केली होती. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव आहे, आणि संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबवणे, अशी त्यांची भूमिका होती. 7 नोव्हेंबर 1938 च्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष उतरला, तो याच विधेयकाविरुद्ध. ही दोन्ही वर्षे एकत्र वाचली पाहिजेत. खाजगी मालकापासून वाचण्यासाठी राज्य हवे. राज्यच मालक झाले तर त्याच्यापासून वाचण्यासाठी संप हवा.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने रेल्वे, टपाल, वीज, पाणी यांच्या पंक्तीला सार्वजनिक सफाईही 'लोकोपयोगी सेवा' म्हणून बसवली आणि नोटिशीवाचूनचा संप बेकायदा ठरवला. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने नोटिशीची सक्ती सर्वच उद्योगांना लावली. जातीने जे काम विटाळाचे ठरवले, ते कायद्याने अत्यावश्यक ठरवले. पण त्या पंक्तीत बसून झाडूवाल्याच्या ताटात काय वाढले गेले? अनेक शहरांत आज त्याला कायम नोकरीही नाही, ठेकेदार आहे.

तेव्हा कोणत्याही सरकारीकरणाला आपण दोन प्रश्न विचारावेत. हुकूम देणारा आणि पगार देणारा एकच आहे काय? आणि कामगाराला 'नाही' म्हणता येते काय? ही उत्तरे मिळाल्याखेरीज बदलते ती दारावरची पाटी. निमगाव सावाच्या फाट्यावर गाडीची वाट पाहणारी बाई आणि गाडीचा ड्रायव्हर यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्या भाषेला आपल्या लेखणीने साथ देऊ नये. दोघांचाही देणेकरी एकच आहे.