स्ट्रँग्लर्स ऑफ बाँबे, द
ब्रिटिश भयपट. इंग्लंडमधील हॅमर फिल्म्स या संस्थेने तो १९५९ मध्ये निर्माण केला. टेरेन्स फिशर (१९०४–८०) हे त्याचे दिग्दर्शक असून पटकथा डेव्हिड झेलग गुडमन, छायालेखन आर्थर ग्रँट व संगीत जेम्स बर्नार्ड यांचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीतील ठगांचे खूनसत्र आणि त्याचा तपास हा या कृष्णधवल चित्रपटाचा विषय होय.

कथानक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणापूर्वी काही वर्षे घडते. वाटेवर हजारो प्रवासी नाहीसे होत असल्याचे कॅप्टन हॅरी लुइस (गाय रॉल्फ) हा अधिकारी वरिष्ठांच्या नजरेस आणून देतो. परंतु चौकशीचे काम देशात नव्यानेच आलेल्या व वशिल्याच्या कॅप्टन कॉनॉट-स्मिथकडे (ॲलन कथबर्टसन) सोपविले जाते. लुइसचा नोकर रामदास आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधार्थ जातो आणि त्याचा तोडलेला हात लुइसच्या घरात येऊन पडतो. लुइस राजीनामा देऊन एकट्याने शोध चालू ठेवतो. अखेरीस तो ठगांच्या हाती सापडतो, पण रामदासाचा भाऊ गोपाळी त्याला सोडवितो.

चित्रपटाचा तपासविषयक भाग वाखाणण्याजोगा आहे. कागदोपत्री अडकलेली कचेरी, अनुभवी माणसाला डावलणारी वरिष्ठांची मर्जी आणि एतद्देशीयांच्या तक्रारींविषयीची बेफिकिरी यांचे चित्रण फिशर यांनी संयमाने केले आहे. बळींची संख्या वाढते ती मारेकऱ्यांच्या चातुर्यामुळे तितकीच राज्यकर्त्यांच्या अनास्थेमुळे, हे त्यातून स्पष्ट होते. भयाचा खरा उगम येथे आहे. मात्र उत्तरार्धात चित्रपट त्याचा त्याग करून कालीची मूर्ती, उन्मादी पुजारी आणि अंगच्छेद यांच्या आधारे प्रेक्षकाला हादरविण्याचा मार्ग पतकरतो.

या निवडीचा अर्थ फिशर यांच्याच दुसऱ्या चित्रपटाशी तुलना केल्यास ध्यानात येतो. त्याच वर्षी व त्याच संस्थेसाठी त्यांनी आर्थर कॉनन डॉइल यांच्या कादंबरीवरून द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स हा व्हिक्टोरियन काळातील शोधकथेचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात घराण्याला भोवणारा शाप हा वस्तुतः वारशाच्या वैरातून रचलेला मानवी कट असल्याचे शेरलॉक होम्स सिद्ध करतो. लंडनमधील १८८८ च्या व्हाइटचॅपल खूनसत्रावरील जॅक द रिपर हा दुसरा ब्रिटिश चित्रपटही १९५९ चाच. त्यातही अपराधाचा भार अखेर एका व्यक्तीवर येतो. इंग्लंडच्या भूमीवर भय तर्काने निवळते व गुन्हेगाराला नाव मिळते. हिंदुस्थानच्या भूमीवर मात्र हा क्रम उलटा होतो. लूटमारीसारखा उघड हेतू दुय्यम ठरतो आणि गुन्हा एका पंथाच्या, पर्यायाने एका समाजाच्या, प्रवृत्तीतून उपजल्याचे दाखविले जाते. एकाच दिग्दर्शकाने एकाच वर्षी वापरलेली ही दोन मापे चित्रपटाचे मर्म उघड करतात.

शीर्षकातील मुंबई ही नावापुरतीच आहे. चित्रपट इंग्लंडमध्येच चित्रित झाला. बहुतेक हिंदी पात्रे रंगभूषा केलेल्या ब्रिटिश व यूरोपीय नटांनी रंगविली असून कलकत्त्यात जन्मलेले मार्न मेटलंड हे अपवादांपैकी एक होत. एका तरुणीला दिलेले ‘करीम’ हे पुरुषी नावही निर्मात्यांच्या अनास्थेचे द्योतक आहे. मुंबईहून देशावर जाणाऱ्या वाटा ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून जातात. शहापूरच्या बाजूने माहुली किल्ल्याच्या परिसरातून थळ घाटाने नासिककडे, तर मुरबाडच्या बाजूने सातवाहनकालीन नाणेघाटाने जुन्नरकडे जाता येते. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू होण्यापूर्वी लमाणांचे तांडे व लदणीचे बैल या घाटांनीच माल नेत-आणत. घाटाची चढण, दाट रान, पावसाळ्यात खंडित होणारी वाहतूक आणि मुक्कामाला सोबत शोधणारा वाटसरू यांत स्वाभाविक भय होते. चित्रपटात सह्याद्रीचे दर्शनही घडत नाही. भूगोल नाहीसा झाला की गुन्ह्याची कारणेही दिसेनाशी होतात. मग उरते ती केवळ देवता आणि तिचे भक्त.

ऐतिहासिकदृष्ट्याही ठगांचे खटले मुख्यतः नर्मदेच्या खोऱ्यात व मध्य हिंदुस्थानात उभे राहिले. विल्यम हेन्री स्लीमन (१७८८–१८५६) यांनी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून ठगांची माहिती संकलित केली आणि १८३६ मध्ये त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच अपराध जन्मठेपेस पुरेसा ठरला. ठगांच्या टोळ्यांत हिंदूंप्रमाणेच मुसलमानही होते. प्रवाशांचे गळे आवळून लूट केली जाई, हे निर्विवाद आहे. परंतु तो अखिल हिंदुस्थानभर पसरलेला एकसंध धर्मपंथ होता, हे मत आधुनिक इतिहासकारांना सहसा मान्य नाही. मोडलेल्या फौजांतील बेकार शिपाई, दुष्काळ व स्थानिक जमीनदारांचा आश्रय यांकडे ते लक्ष वेधतात. चित्रपट मात्र स्लीमन यांच्या गौरवाने समाप्त होतो आणि फिर्यादीचा शब्द हाच इतिहास म्हणून मांडतो.

ही केवळ कलेतील उणीव नव्हे. गुन्हेगारी वंशपरंपरेने येते ही कल्पना ठगांच्या बंदोबस्तात रुजली, तिचे कायदेशीर रूप १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसले आणि १९११ च्या कायद्याने तिची व्याप्ती वाढली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत रामोशी, कैकाडी, भामटा यांच्याबरोबर बंजारा समाजाचाही समावेश आहे. चित्रपटात ज्यांचे तांडे ठगांना बळी पडावेत, त्या वाहतूकदारांचे वंशजही अशा शिक्क्यातून सुटले नाहीत, ही विसंगती बोलकी आहे.

ठगांवरील इतर चित्रपटांपैकी गंगा दीन (१९३९) हा साहसपट साम्राज्यगौरवाचा होता. महाश्वेता देवी यांच्या कथेवर आधारलेल्या ह. सि. रवैल यांच्या संघर्ष (१९६८) या हिंदी चित्रपटात ठगीचा वारसा नाकारू पाहणारा नायक असल्यामुळे प्रश्न जन्माकडून व्यक्तीच्या विवेकाकडे वळतो. फिशर यांच्या चित्रपटात अशी शक्यता गोपाळीच्या रूपाने क्षणभर डोकावते. भावाच्या खुनाने तो भानावर येतो व लुइसची सुटका करतो. परंतु त्याच्या मनातील झगड्याला पटकथेत पुरेसा वाव नाही. बांधेसूद तपासकथा आणि कोता इतिहास यांचे मिश्रण असलेला हा चित्रपट भयपटाच्या अभ्यासकास आजही उपयुक्त आहे. मात्र ठगांच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याचा स्वीकार करता येत नाही.