अनुवादात उरलेला शिपाई : पहिल्या महायुद्धातील पत्रांचा वाङ्मयीन विचार

२६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी सैन्याच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. मराठे, शीख व मुसलमान जवान असलेल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल येथे लढल्या. त्यांची भयंकर हानी झाली. हैदराबाद कंटिंजंटची एक छावणी औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) होती. त्या फौजेच्या घोडदळातून घडलेली २० वी डेक्कन हॉर्सही त्याच वर्षी फ्रान्सला गेली. तेव्हा हा विषय मराठवाड्यास परका नव्हे.

परमुलखातील त्या पहिल्या दिवसांचे मराठी शब्दरूप कोठे आढळते? विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीत युद्धाची छाया आहे. परंतु तिचा नायक युरोपातून मायदेशी परतणारा नागरिक आहे. घर सोडून युद्धावर निघालेला शिपाई तेथे नाही. तो भेटतो पत्रांत. मात्र ही पत्रे लष्करी तपासनिसांच्या हातून पुढे रवाना होत, आणि त्यांतील निवडक उताऱ्यांचे इंग्रजी अनुवादच आज लंडनच्या दप्तरात अभ्यासकास उपलब्ध आहेत.

या उताऱ्यांना शिपायाचे आत्मकथन मानण्याकडे कल असतो. हे मत सावधपणे स्वीकारले पाहिजे. अनेक शिपाई निरक्षर असल्याने एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने अनुवाद करावा, असा हा प्रवास आहे. शिवाय उताऱ्यांची निवड सैन्याचे मनोधैर्य जोखण्यासाठी झालेली आहे. म्हणून त्यांतील विषादाचे प्रमाण शिपायाच्या मनातील विषादाचे प्रमाण समजणे चुकीचे ठरेल. शेत, बैल, कर्ज यांची चौकशी तपासनिसास निरुपयोगी, परंतु लिहिणाऱ्यास तीच मुख्य असू शकते.

तरीही ही पत्रे वाङ्मयविचारातून वगळता येणार नाहीत. तपासणीची जाणीव असल्याने काही शिपाई हिंदी सैनिकास काळी मिरी व गोऱ्या सैनिकास तांबडी मिरची म्हणत. ही प्रतिमा अनुवादातही टिकते. 'तीर्थरूप' आणि 'चिरंजीव' या संबोधनांतील नात्याची पायरी मात्र इंग्रजीत उतरत नाही. आशय वाचतो, परंतु नात्याचा स्वर लोपतो. आणि घरापासून तुटलेल्या तरुणाच्या पत्राचा प्राण त्या स्वरातच असतो.

म्हणून लंडनमधील अनुवादांइतकेच महत्त्व माजी सैनिकांच्या घरी जपलेल्या मूळ मराठी पत्रांस आहे. दुसऱ्या महायुद्धातील अशी पत्रे गावोगावी शोधणे, ही मराठी संशोधनाची निकडीची जबाबदारी होय.