एक फाइल, तीन वाचक

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू, आणि नगराची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून केली होती. काही वर्षांपूर्वी त्या भागातील एका शिक्षकांनी या अधिवेशनाच्या घरोघरी जपलेल्या आठवणी जमवल्या. त्यांना एकाच मजकुरातून तीन प्रती हव्या होत्या. पहिली नववीच्या मुलांसाठी. दुसरी सहकारी शिक्षकांसाठी, प्रश्न आणि उत्तरांसह. तिसरी फक्त स्वतःच्या कपाटासाठी. या तिसरीत सांगणाऱ्यांची नावे, फोन क्रमांक आणि "हे लिहून घ्या, पण छापू नका" असे बजावून सांगितलेल्या घरगुती गोष्टी होत्या.

तीन वेगळ्या फाइली ठेवल्या तर एकीतली दुरुस्ती दुसरीत राहून जाते. म्हणून मूळ फाइल एकच ठेवावी आणि त्यातून हव्या त्या प्रती संगणकाकडून काढून घ्याव्यात, असे आम्ही त्यांना सुचवले. साधनही सुचवले. ते साधन तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यात आमच्या सल्ल्याचीही तपासणी आलीच.

साधन कसे आहे?

या साधनाचे नाव 'सेड', म्हणजे 'स्ट्रीम एडिटर'. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांनी १९७३-७४ च्या सुमारास ते लिहिले. आज लिनक्स असलेल्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर ते फुकट मिळते. त्याला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. पडद्यावर एक ओळीची आज्ञा टाइप करायची. सेड फाइल वरून खाली, ओळीमागून ओळ वाचत जाते आणि आज्ञेप्रमाणे ओळ पुढे सोडते किंवा गाळते. मूळ फाइलला हात लागत नाही.

आमच्या शिक्षकमित्रांनी खासगी मजकुराच्या आधी 'खासगी सुरू' आणि नंतर 'खासगी समाप्त' अशी ओळ घातली. या दोन खुणांमधले सर्व वगळ, एवढीच आज्ञा. शंभर पानांची फाइलसुद्धा क्षणात तयार होते.

या साधनाचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे. ते मजकूर झाकत नाही, खरोखर काढून टाकते. २००५ मध्ये अमेरिकी लष्कराने इराकमध्ये मारले गेलेले इटालियन अधिकारी निकोला कालिपारी यांच्याविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. गोपनीय भागांवर काळ्या पट्ट्या होत्या. पण पट्ट्यांखालची अक्षरे फाइलमध्ये तशीच होती. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की सगळे वाचता येत होते. सेडने काढलेल्या प्रतीत असे काही मागे उरत नाही.

चूक कुठे झाली?

निम्मा मजकूर एका विद्यार्थ्याने टाइप केला होता. त्याने एका ठिकाणी 'खासगी' ऐवजी 'खाजगी' लिहिले. मराठीत दोन्ही रूपे चालतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. सेडला सुरुवातीची खूण दिसली नाही, म्हणून त्याने तो भाग जसाच्या तसा पुढे सोडला. 'खाजगी सुरू' ही ओळसुद्धा मुलांच्या प्रतीत छापून आली! त्याखाली एका आजोबांनी सांगितलेली शेताच्या वाटणीची हकीकत होती. वर्गात त्याच भाऊबंदांतला एक मुलगा होता. त्या आजोबांनी पुन्हा कधी आठवणी सांगितल्या नाहीत.

ही चूक टाइप करणाऱ्या मुलाची, असे म्हणून सुटता येणार नाही. खूण सापडली नाही, हे सेड सांगत नाही. काम झाले की ते गप्प आणि काम झाले नाही तरी गप्प. याच साधनात शेवटची खूण चुकली असती तर तिथून पुढची 'खासगी समाप्त' खूण येईपर्यंत, आणि ती नसेल तर फाइलच्या अखेरीपर्यंत, सगळे गाळले गेले असते आणि ती चूक लगेच लक्षात आली असती. म्हणजे एका खुणेची चूक नुसती गैरसोय करते, तर दुसरीची चूक गुपित फोडते. असा असमतोल असलेल्या साधनावर दुसऱ्याचा विश्वास सोपवावा का?

मराठीत ही अडचण आणखी वाढते. 'बऱ्हाणपूर' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्ह' संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात खाली टिंब असलेला स्वतंत्र 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रकाराने शोधले तर दुसरा सापडत नाही. गावाच्या जागी असेच एखादे आडनाव असेल तर? शिवाय जुन्या फाँटमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो बहुधा रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. त्यात मराठी खूण सापडणारच नाही.

उलटा विचार

साल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ च्या एका निबंधात एक तत्त्व मांडले होते. काय नाकारायचे ते सांगू नका, कशाला परवानगी आहे ते सांगा. उरलेले आपोआप बंद राहू द्या. आम्ही सल्ला देताना नेमके हेच विसरलो.

आता आम्ही वेगळी रीत सुचवतो. प्रत्येक परिच्छेद एका ओळीत ठेवायचा आणि त्याच्या आरंभी 'सर्वांना', 'शिक्षकांना' किंवा 'कपाट' असा शब्द लिहायचा. मुलांची प्रत काढताना सेडला सांगायचे, एरवी काहीच छापू नकोस, 'सर्वांना' या शब्दाने सुरू होणारी ओळ मात्र छाप. शब्द चुकला किंवा लिहायचा राहिला तर तो परिच्छेद प्रतीत येणार नाही. मजकूर कमी पडला तर कोणीतरी विचारेल आणि आपण तो घालू. जास्त गेलेला मजकूर परत आणता येत नाही.

हा प्रश्न शाळेपुरता नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार, कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल तर तो वेगळा करून उरलेला देता येतो. हे काम संगणकावर करणाऱ्या प्रत्येक कचेरीपुढे हाच प्रश्न आहे.

साधनाच्या पलीकडे

रीत सुधारली तरी एक मर्यादा राहतेच. लताण्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली असा अंदाज मांडला की पोस्टाचा विभाग क्रमांक, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष एवढे कळले तरी अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखू येऊ शकतात. त्यासाठी नावाची गरजच नाही. मग फैजपूरसारख्या गावात 'अधिवेशनाला बैलगाडी घेऊन गेलेल्यांचा थोरला मुलगा' एवढे वाक्यही पुरेल. सेड खुणा ओळखते, माणसे ओळखत नाही. म्हणून शेवटची प्रत छापण्यापूर्वी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला वाचायला द्यावी.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांना एक पानाचा मजकूर आणि "खासगी ते गाळा" एवढीच सूचना द्या. दुसऱ्या गटाला तोच मजकूर देऊन "सर्वांना सांगण्याजोगे तेवढेच उतरवा" असे सांगा. नंतर कोणत्या गटाकडून काय निसटले, ते फळ्यावर मांडा. त्यासाठी संगणकाची गरज नाही. आम्ही हा प्रयोग आधी केला असता, तर त्या आजोबांच्या आणखी आठवणी आज वहीत असत्या.