तिकिटावरील दरी

टपालाचे तिकीट ही काय परीक्षणाची वस्तू आहे, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. परंतु चित्रप्रदर्शनास जाणारे किती आणि ज्यांच्या घरी पत्र येत असे ते किती, याचा हिशेब मनाशी केला म्हणजे ही शंका फार वेळ टिकू नये. येरमाळ्यास एका स्नेह्यांच्या घरी जुन्या तिकिटांची वही चाळीत असता समोरासमोरच्या दोन पानांनी आमचे लक्ष वेधून घेतले. डावीकडे निजामाच्या राज्याची १९३१ ची चित्रमाला होती. उजवीकडे स्वित्झर्लंडची १९३४ ची.

उजवीकडील मालेत अगदी स्वस्त असे तीन सेंटिमचे तिकीट आहे. त्यावर आल्प्सच्या लाउटरब्रुनेन दरीतील स्टाउबबाख धबधबा दाखविला आहे. जवळजवळ तीनशे मीटर उंचीच्या उभ्या कड्यावरून ही धार पडते, आणि खाली पोहोचेपर्यंत तिचे तुषारच होतात. १७७९ साली गटे हा जर्मन कवी ती पाहून गेला व त्या दर्शनातून त्याची एक प्रसिद्ध कविता झाली. एवढा विषय नखाएवढ्या कागदावर! १९३४ चे तिकीट उठावाच्या ठशाने छापलेले आहे आणि ते फसले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कडा सपाट झाला, आणि दरीला दरीपण देणारी खोली तेवढी हरवली. स्विस टपालखात्यालाही ते रुचले नसावे. कारण १९३६ पासून हेच विषय धातूत खोल कोरलेल्या रेषांनी पुन्हा छापण्यात आले. कोरीव खाचेत शाई राहते, तीमुळे रेषा केसासारखी बारीक आणि तरीही गडद उतरते. येथे कडा मागे सरतो, धार पुढे येते.

पण आम्हांस त्याहून मोलाची वाटली ती किंमत. १९१४ साली याच देशाने युंगफ्राऊ शिखर दहा फ्रँकांच्या तिकिटावर घातले होते. म्हणजे ते पाहावयाचे तर जड पार्सल तरी यावे लागे. वीस वर्षांत निसर्ग दहा फ्रँकांवरून तीन सेंटिमांवर उतरला.

आता डावे पान पाहू. चार व आठ पैंच्या तिकिटांवर नुसती चिन्हे आहेत. एका आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर न्यायमंदिर, चार आण्यांवर उस्मानसागर, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरची विद्याशाळा आणि रुपयावर दौलताबादचा विजयमनोरा. उस्मानसागराचे पाणी सोडले तर साऱ्या मालेत मनुष्याने बांधलेले वा कोरलेलेच काय ते आहे. आणि तो जलाशयही १९०८ च्या मुसीच्या पुरानंतर बांधून काढलेला. अजिंठ्यास वाघोरेने नालाच्या आकाराची जी घळ कोरली आहे, तिच्यावाचून लेणी कोठली? तिकिटाने मात्र दाराची निवड केली. मराठवाड्याच्या वाट्यास आलेली दोन्ही तिकिटे आठ आण्यांची आणि रुपयाची. साध्या पत्रास ती लागत नसत. येरमाळा तेव्हा त्याच राज्यात होते. येथील कुळाने अजिंठा पत्रावर पाहिला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

१९४९ च्या १५ ऑगस्टला स्वतंत्र भारताची पुरातत्त्वमाला निघाली, तेव्हा अजिंठ्याचा एक फलक तीन पैंवर आला. हा न्याय उत्तम झाला! मात्र त्या मालेतही स्तूप, मंदिरे, मनोरे आणि किल्ला आहेत. टेकडी एकही नाही. पुढे २००६ साली चंद्रतालादी हिमालयीन सरोवरांची पाच तिकिटे निघाली. विषय चांगला, परंतु ती प्रासंगिक तिकिटे. अशी तिकिटे एकदाच निघतात आणि बहुधा वह्यांत जाऊन बसतात. वर्षानुवर्षे रोजच्या पत्रावर चिकटणारे नित्याचे तिकीट निराळे.

वही मिटून आम्ही येडेश्वरीच्या डोंगराकडे निघालो. बालाघाटाचे हे उतार कोणी आल्प्सशी तोलू नयेत. पण चैत्री यात्रेत पालखी आमराईकडे जाते, तेव्हा लाखो माणसे रानात वाकून चुनखडी वेचतात. आपल्या भूमीचा खडा न् खडा इतक्या जवळून पाहणारे लोक आम्हांस दुसरीकडे फारसे आढळले नाहीत. हे रान तिकिटावर यावे, नित्याच्या आणि सर्वांत स्वस्त तिकिटावर यावे, अशी आमची सूचना आहे. कोरणाऱ्यास ते स्टाउबबाखहून अवघड जाईल, हे कबूल. येथे धार नाही, बर्फ नाही, आणि चैत्रातल्या दुपारी सावलीही आखूड. पांढरे खडे आणि वाकलेल्या पाठी, एवढ्यावरच त्याला उतार उभा करावा लागेल.