पट्टा काळा हवा, कापड?

आमची धाकटी कन्या गेल्या वर्षी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात दाखल झाली. न्यू जर्सीतली कितीतरी गावे अशा बिनपगारी दलांवरच विसंबून आहेत. तिने घरी आणलेली गणवेशाची नियमावली मी बापाच्या कुतूहलाने हाती घेतली, आणि खाली ठेवताना माझ्यातला वस्त्रतंत्रज्ञ चिडलेला होता. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकून सारा जन्म सूत, कापड आणि त्यांच्या चाचण्या यांतच गेला. तेव्हा चिडण्याचा अधिकार आहे असे मी समजतो.

पुस्तिका चौदा पानांची. पट्टा काळाच हवा, बिल्ला खिशापासून किती वर, अंत्ययात्रेला हातमोजे पांढरे, गोंदण कुठवर दिसलेले चालेल, सारे काटेकोर. दलाच्या नावाने खास छापून घ्यायच्या टी-शर्टांना तर अडीच पाने: निळा कोणता, बोधचिन्ह कुठे, पाठीवरची अक्षरे किती उंच, मंजुरी कोणाची. कापडाविषयी मात्र दोनच शब्द, 'चांगल्या प्रतीचे'. लग्नाच्या आहेराला ठीक आहे हो!

पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेले कापड कातडीला चिकटते आणि भाजलेली जागा अधिक खोल करते. सुती कापड पेट घेते, पण वितळत नाही. ड्यू पाँटने १९६७ साली बाजारात आणलेले नोमेक्स वितळतही नाही आणि ज्वाळा दूर होताच विझते. अमेरिकेच्या अग्निसंरक्षण संघटनेचे, म्हणजे एनएफपीएचे, ठाण्यातल्या कपड्यांसाठी १९७५ क्रमांकाचे मानक होते (हे साल नव्हे). आता ते १९७० क्रमांकाच्या एकत्रित मानकात सामावले आहे. त्यातली एक चाचणी अगदी साधी: कापड २६० अंशांच्या भट्टीत पाच मिनिटे ठेवायचे, ते वितळता, ठिबकता वा पेटता कामा नये. हे मानक आपोआप कायदा ठरत नाही, पण नियमावलीत त्याचा एका ओळीत उल्लेख करायला काय हरकत होती?

"वरून जाड कोट असतोच की," असे मला सांगण्यात आले. कबूल. कोट शाबूत आणि नीट बंद असेल तर आतला शर्ट वितळण्याची वेळ सहसा येत नाही. पण कोट उघडा राहतो, घाईत तो चढवलाच जात नाही, रस्त्याकडेची मोटार अचानक भडकते. न्यूयॉर्कच्या जवानांकडेही १९९४ पर्यंत लांब कोट आणि मांडीपर्यंतचे रबरी बूटच होते. त्या वर्षी मार्चमध्ये वॉट्स स्ट्रीटवरच्या आगीने तीन जवानांचा बळी घेतला, आणि त्यानंतर तिथे जाड संरक्षक विजारी सर्रास आल्या.

नियम जाचक असतात म्हणून माझी तक्रार नाही. दाढीचेच घ्या. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून त्याच्या कडेखाली केस नकोत, असा संघराज्याचा नियम आहे. दाढी केल्याने त्वचेचा त्रास होणारे न्यूयॉर्कचे चार कृष्णवर्णीय जवान याविरुद्ध न्यायालयात गेले. २०२१ साली अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. मला त्यांचे वाईट वाटले, पण त्या नियमामागे धूर आहे, श्वास आहे. आमच्या पुस्तिकेतल्या अडीच पानांमागे फक्त संचलनाचे छायाचित्र आहे.

मी दलप्रमुखांना सविस्तर पत्र लिहिले. गृहस्थ सज्जन, दुसऱ्याच दिवशी फोन आला. यंदाचे साठ शर्ट छापून आले आहेत, पुढच्या वेळी बघू, म्हणाले. शर्ट पाहिले: शंभर टक्के पॉलिएस्टर, आणि वर गरम दाबयंत्राने चिकटवलेली प्लॅस्टिकची अक्षरे.

मी कन्येला गडद निळे सुती शर्ट आणून दिले. संचलनाला ती दलाचा शर्ट घालते, आगीच्या बोलावण्याला माझा. परवा तिला तोंडी समज मिळाली: शर्टावर बोधचिन्ह नाही.